खिडकीतली गोदी

तीळ भाजताना मान वळवायची नाही, हे मला आईनं शिकवलं आणि मी आयुष्यभर मान वळवत राहिले. आजही वळवली. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बॉबलिंगेनचं आभाळ आतापासूनच दिवा मालवायच्या बेतात होतं. ते बघत राहिले आणि कढईतले चार तीळ तडतडून शेगडीवर उडाले. इथल्या शेगडीला ज्योत नसते. काळी काच आणि तिच्याखाली लाल वर्तुळ. बंद केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते. अगदी माझ्यासारखी, असं आमचे जावई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, मनात म्हणतात, पण मला ऐकू येतं.

लेकीकडे मी दर वर्षी डिसेंबरात येते आणि फेब्रुवारी संपायच्या आत परत विक्रोळीला जाते. व्हिसा तेवढाच. उन्हाळ्यात म्हणे इथे झाडांना चेरी लागतात, लोक तळ्यात डुंबतात, जेवणं झाली तरी उजेड असतो. मी नुसतं ऐकून आहे. माझ्या वाट्याचा जर्मनी म्हणजे ओली पानं, राखाडी छत आणि दारात काढून ठेवलेले चिखलाचे बूट. ऑफ-सीझनची पाहुणी मी. आणि आता ह्या वयात येण्याचाही कंटाळा येतो आणि जाण्याचाही. विमानात बसलं की वाटतं, हे असंच वरच्यावर तरंगत ठेवलं तरी चालेल, फक्त चहा देत राहा.

"आजी," दारातून यशो म्हणाली आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. यशो म्हणजे माझी नात, यशोधरा, पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये सांगायचं, आणि दोघींना वाटतं आपण जिंकलो. त्या लांबलचक वाक्यातला एकच शब्द माझ्या हाती लागला: गेनुआ. तिच्या शाळेतल्या भाषेत ते गेनुआ. आमच्या ह्यांच्या भाषेत जेनोव्हा, इटलीतलं बंदर.

"परत?" मी विचारलं.

"हो, हो. फेब्रुवारीच्या सुट्टीत. मम्मा तिकिटं बघतेय," असं तिच्या जर्मनमधून मी ओळखलं.

"तुम्ही जा. मला त्या अडतीस पायऱ्या आता चढवणार नाहीत."

तिनं कढईतला एक तीळ बोटावर उचलून तोंडात टाकला आणि गेली. मी गॅस बारीक केला. गॅस नाहीच, पण हात अजून तोच शब्द बोलतो.

जेनोव्हाला आम्ही गेलो होतो त्याला तीन वर्षं झाली. असाच जानेवारी होता. माझी लेक मित्रा, यशो, मी आणि हे. जावई कामासाठी मागे राहिले होते. समुद्राकाठच्या जुन्या बंदराच्या गावी कोणी जानेवारीत जातं का? म्हणून तर हॉटेल मोकळं होतं. मित्रानं आधी दुसऱ्याच कुठल्यातरी गावाचं नाव काढलं होतं, चर्चचं आणि चित्रांचं. पण हे जेवता जेवता सहज म्हणाले, "जेनोव्हा इथून लांब आहे का गं?" चौदा वर्षांत जर्मनीतल्या लेकीकडे ह्या माणसानं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट. त्याआधी त्यांनी फक्त मीठ मागितलं होतं.

ह्यांचं इंग्रजी खोक्यांवरचं. मुंबईच्या गोदीत ते पाठीवर माल वाहायचे आणि खोक्यांवर काळ्या रंगात छापलेली गावांची नावं वाचून वाचून त्यांना अक्षरं लागली. मी शिक्षिका. लग्न झालं तेव्हा मी मोठ्या ऐटीत पाटी-पेन्सिल घेऊन त्यांना ए-बी-सी-डी शिकवायला बसले होते. त्यांनी शांतपणे पाटीवर लिहिलं, GENOVA. मी म्हटलं, स्पेलिंग चुकलंय, असा शब्दच नाही. बावीस वर्षांची होते मी, डी.एड. झालेली, आणि जगात मला ठाऊक नसलेला शब्द असूच शकत नाही अशी माझी खात्री. त्यांनी पाटी पुसली. भांडले नाहीत. पुढे कधीतरी सांगितलं, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात ह्या नावाचं एक खोकं त्यांच्या टोळीच्या हातून निसटून फुटलं होतं. आत संगमरवराच्या लाद्या आणि भोवती पेंढा. "एवढ्या लांबचा पेंढा," ते म्हणाले होते, "पण वास आपल्या भातासारखा."

तेवढ्या वासाच्या ओळखीवर माणूस पंचेचाळीस वर्षांनी आगगाडीत बसला. बॉबलिंगेनहून झुरिक, तिथून मिलान, तिथून पुढे. बोगद्यांमागून बोगदे. मी तीळगुळाचा डबा मांडीवर धरून बसले होते, कारण संक्रांत वाटेत येत होती आणि परक्या गावात हात रिकामा नको. मी डबा धरते आणि जग आपलं आपण चालतं, अशी माझी प्रवासाची पद्धत.

गाव ओलं होतं. डोंगरावरून घरं एकमेकांच्या खांद्यावर बसून समुद्र बघत होती. दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असल्या गल्ल्या, वर दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि पाऊस असूनही कोणी त्या काढत नव्हतं. मला ते बघून एकदम बरं वाटलं. जर्मनीत चादर बाहेर दिसली तर शेजारीण घंटी वाजवते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चर्चं होती, कैद्याचे कपडे घातल्यासारखी. आइस्क्रीमच्या दुकानांची शटरं खाली. कारंजं बंद. जुन्या बंदरात पांढऱ्या होड्या प्लास्टिक पांघरून झोपलेल्या. एक वारा होता, तो डोंगरातून निघायचा आणि थेट माझ्या गुडघ्यात शिरायचा. मित्रा मोबाइलमध्ये बघून राजवाडे दाखवत होती. हे प्रत्येक राजवाड्यापुढे माकडटोपी सारखी करून म्हणायचे, "छान आहे." तीन दिवस छान आहे, छान आहे. तिसऱ्या दिवशी त्या भल्यामोठ्या मत्स्यालयासमोर उभे राहून म्हणाले, "हे छानच आहे. पण माल कुठे उतरवतात?"

माल आता तिथे उतरवत नव्हते. जुनं बंदर फिरायला येणाऱ्यांचं झालं होतं आणि खरी गोदी पलीकडे, कुंपणाआड, मैलभर पसरलेली. चौथ्या दिवशी मित्राला ताप भरला. ती खोलीत झोपली आणि आम्ही तिघं निघालो: म्हातारा, म्हातारी आणि बारा वर्षांची दुभाषी. कुंपणाच्या कडेकडेनं चाललो. जाळीतून क्रेनची टोकं दिसायची, जहाजाचं नाकसुद्धा नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. मग यशोचा चेहरा बघून की काय, त्यानं रस्त्यापलीकडच्या एका जुनाट पिवळ्या इमारतीकडे बोट केलं.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. जाते. नाहीतरी ह्या वयात मागे जायला पाय लागत नाहीत.

माझं लग्न बुद्धविहारात झालं, पांढऱ्या साडीत, आणि स्थळ आणलं माझ्या थोरल्या भावानं. "गोदीत कायम आहे, पगार नियमित, दारू नाही," एवढं त्यानं सांगितलं. मला नाही म्हणायला कारण नव्हतं; हो म्हणायला थोडी लाज मात्र होती. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागले होते. तिथल्या स्टाफरूममध्ये माझं आडनाव कळल्यावर काही जणींचे डबे जरासे पलीकडे सरकले होते. कोणी काही बोललं नाही. डबेच सरकले. लग्नानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत शाळेत तीळगूळ समारंभ होता. एकीचे मिस्टर बँकेत, एकीचे मंत्रालयात, एकीचे टेलिफोनमध्ये. माझ्याकडे वळून जोशीबाईंनी विचारलं, "आणि तुमचे हो?"

मी म्हटलं, "एक्सपोर्टच्या ऑफिसात असतात."

डबे परत अलीकडे आणायला मी नवऱ्याला बढती देऊन टाकली. आणि एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! मी पुढे म्हणाले, टेबलावर पंखा आहे, परदेशी पत्रं येतात, कधीकधी त्यांनाच उत्तरं लिहावी लागतात. म्हणजे ज्या माणसाला मी जेनोव्हाचं स्पेलिंग चुकीचं म्हणून सांगितलं, तो आता परदेशाशी पत्रव्यवहार करत होता. आज त्या मुलीला समोर बसवून विचारावंसं वाटतं, अगं बये, निदान पंखा तरी नसता दिलास, साध्या खुर्चीवर भागलं नसतं का?

पण खोट्याला एकदा खुर्ची दिली की ते उठत नाही. स्टाफरूममधून ते विक्रोळीच्या आमच्या बिल्डिंगीत आलं. पुढे मित्राच्या शाळेच्या अर्जांत मी 'वडिलांचा व्यवसाय: नोकरी' लिहीत राहिले. मित्राला दहावीच्या सुमारास सगळं ठाऊक होतं, तिनं नंतर कबूल केलं. पण तीही माझ्यासाठी गप्प राहिली. ती गप्प म्हणून तिची मुलगी अंधारात. यशोनं तर तिसरीत वर्गापुढे उभं राहून भाषण केलं होतं, 'माझे आजोबा', आणि चित्र काढलं होतं. चित्रात टेबल, टेबलावर पंखा.

आणि ह्या सगळ्या वर्षांत मला नवऱ्याचा संशय होता, ते निराळंच. हे घरातून निघायचे इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, आणि संध्याकाळी यायचे ते आंघोळ करून. केस ओले, अंगाला लाल साबणाचा वास. बिल्डिंगीत कारखान्यातली माणसं होती, ती मळलेली यायची, बायका त्यांना न्हाणीघराकडे पिटाळायच्या. माझा मात्र न्हाऊन-माखून हजर. माणूस आंघोळ करून घरी का येईल? मी खिसे तपासले. एकदा साबणदाणी सापडली आणि मी ती अशी समोर धरली जशी काही सवतच सापडली. ते म्हणाले, "गोदीत नळाला पाणी जोरात येतं." झालं. एवढंच उत्तर, आणि मी त्यावर महिनाभर रुसले होते. काय ते रुसणं! ताट आदळलं, पण त्यांच्या आवडीची भाजी त्यात असायचीच.

तर ती पिवळी इमारत. दारात लोकरी टोपीतला एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, पायाशी थर्मास. आत निवृत्त गोदी कामगारांची बसायची जागा होती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून धक्का समोर दिसतो, असं त्यानं यशोला सांगितलं. होय, यशोलाच. म्हातारा तरुणपणी नऊ वर्षं आमच्याच शेजारच्या गावात, झिंडेलफिंगेनला, गाड्यांच्या कारखान्यात होता आणि मोडकंतोडकं जर्मन अजून बोलत होता. त्याचं नाव एन्झो. यशोचा चेहरा उजळला. दोघं तिथल्या कुठल्याशा रस्त्याबद्दल बोलत सुटले. गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं चाललं होतं. मग त्यानं ह्यांच्याकडे हनुवटी उडवून काहीतरी विचारलं. यशोनं अभिमानानं सांगितलं. मला दोनच शब्द कळले. एक्सपोर्ट. ब्यूरो, म्हणजे ऑफिस.

एन्झो हसला. वाईट हसला असं नाही, पण पाय लांब करून दारात आडवा ठेवला.

"काय म्हणतो गं?"

त्या दिवशी यशोला मराठी बोलावंच लागलं. एकेक शब्द पिशवीतून काढल्यासारखा काढत ती म्हणाली, "तो म्हणतो, ऑफिसवाल्या लोकांसाठी म्युझियम आहे. छान आहे म्हणे. ही खिडकी... जे उचलतात ना, जड, त्यांची आहे. ऑफिसवाले आयुष्यभर आम्हाला वरून बघत होते, तो म्हणतो."

ह्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माकडटोपी कानांवर ओढली आणि म्हणाले, "चल, जाऊ. तुझे पाय दुखले असतील." आणि वळले.

कसे वळले, ते अजून दिसतं मला. जराही आवाज न करता. सवय असल्यासारखे. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस चार दिवस 'छान आहे' म्हणत हिंडला, ती एका पावलावर होती, आणि मधे आडवा होता तो माझा टेबलपंखा.

"यशो," मी म्हटलं, "त्याला सांग, ऑफिसात नव्हते. गोदीत होते. हमाल होते. पाठीवर गोण्या वाहायचे."

"पण आजी, तू तर नेहमी..."

"मी खोटं सांगायचे."

"वारूम?" तिचं मराठी संपलं.

"का ते नंतर सांगेन. आधी त्याला सांग. हे निघाले बघ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. बारा वर्षांच्या मुलीनं आजीला पहिल्यांदा उंचीनं लहान होताना पाहिलं असेल. मग ती एन्झोकडे वळली आणि तिनं तो शब्द उच्चारला: हाफनआर्बाइटर. बंदरातला कामगार. चौदा वर्षांत मला जर्मनचा एकही शब्द धड बोलता आला नाही, पण तो एक तेव्हाच्या तेव्हा पाठ झाला.

एन्झोनं ह्यांना खालून वर न्याहाळलं. लेकीनं घेतलेला लांब कोट, चष्मा, आणि कोटाच्या आतून डोकावणारं खिशाचं पेन. त्याला पटलं नाही. का पटावं? खिडकीसाठी कोणीही काहीही सांगेल. त्यानं दोन्ही हात पसरले: काय पुरावा?

हे थांबले होते. रस्त्यापलीकडे, कुंपणाच्या वर, एक क्रेन लाल पेटी उचलून आडवी नेत होती. ह्यांनी उजवा हात कोटातून बाहेर काढला, आडवा धरला, तळवा जमिनीकडे, आणि हळूहळू खाली दाबत नेला. "आर्या... आर्या..." असं तोंडातल्या तोंडात. गोदीत माल खाली सोडायला तसं म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. मग बोटं थोडी थरथरवली, म्हणजे सावकाश, आणि एकदम मूठ मिटली. कुंपणापलीकडची पेटी कुठल्यातरी जहाजावर टेकल्याचा दणका आला. योगायोग असेल. क्रेनवाल्याला आम्ही दिसतही नव्हतो.

एन्झो उठला. त्यानं खुर्ची बाजूला केली.

अडतीस पायऱ्या. यशोनं मोजल्या, जर्मनमध्ये, माझ्याशी न बोलता. वर चार म्हातारे पत्ते खेळत होते. खोलीत कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास. आणि खिडकी. भिंतभर खिडकी, आणि तिच्यात अख्खं जहाज, एवढं जवळ की काचेला हात लावला तर गंज लागेल. एन्झोनं ह्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पण हे बसले नाहीत. दोन तास काचेशी उभे. मी मात्र बसले. तीळगुळाचा डबा उघडला आणि पत्तेवाल्यांपुढे फिरवला. एकाचे दात नव्हते, त्यानं लाडू खिशात ठेवला आणि छातीला हात लावला.

"दमला नाहीत का हो?" मी मधे विचारलं.

"आमची टोळी बारा जणांची," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "इथे बघ, एक माणूस वर काचेत बसलाय. बास. खाली कोणीच नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "बरं झालं. पाठी वाचल्या." आणि आणखी थोड्या वेळानं, "पण कोणी दिसत नाही गं."

संध्याकाळी कमानींखालच्या एका दुकानात, बाकावर टेकून, आम्ही कागदात गुंडाळलेलं गरम काहीतरी खाल्लं. हरभऱ्याच्या पिठाचं, तव्यावरचं. आपलं धिरडंच, फक्त मिरची विसरलेलं. यशो दुसऱ्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडात धिरडं होतं, हे किती सोयीचं.

हेच म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"टेबल. पंखा. परदेशी पत्रं." ते कागदाला चिकटलेला तुकडा नखानं सोडवत होते. "तुझ्या शाळेत तीळगूळ होता ना, त्या दिवशी मला लवकर सुट्टी झाली. म्हटलं, तुला घ्यायला येऊ. अंगावर गंधक. दिवसभर गंधकाच्या गोण्या होत्या. तुमच्या त्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो."

मी घास परत कागदावर ठेवला.

"मग आत का नाही आलात?"

"तू इतकं छान सांगत होतीस. मलाच वाटलं, असा नवरा पाहिजे हिला." ते हसले. "दुसऱ्या दिवशी साबण घेतला."

"म्हणजे ती आंघोळ..."

"हो."

"आणि पेन?"

"ते मालाची मोजणी लिहिणाऱ्या टॅलीवाल्यानं टाकून दिलं होतं. लिहायचं नाही कधीच. पण खिशाला बरं दिसायचं."

चाळीसेक वर्षं. मी एकदा बोलून मोकळी झाले आणि हा माणूस ते रोज पाठीवर घेऊन गेला आणि रोज आंघोळ करून घेऊन आला. मी खिसे तपासले. साबणदाणी सापडली. आणि मुलांना वाक्यात उपयोग करा म्हणून शिकवणाऱ्या मला साधी माफीची दोन अक्षरं वाक्यात बसवता येईनात. मी म्हणाले, "खा ते. गार होतंय." त्यांनी खाल्लं.

यशो त्या दिवसापासून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. परतीच्या गाडीत, बोगद्यातल्या अंधारात, तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. झोपेत की जाणूनबुजून, ते मी विचारलं नाही. ह्यांच्याशी मात्र तिची नवीन मैत्री झाली. घरी येऊन तिनं त्यांच्याकडून क्रेनचे सगळे हात शिकून घेतले. रोज जेवणाच्या टेबलावर भाताचं भांडं 'आर्या, आर्या' करत उतरू लागलं. मित्रा ओरडायची, सांडेल. कधी सांडलं नाही.

गेल्या मार्चमध्ये हे गेले. विक्रोळीत, चार दिवसांच्या आजारपणानं, फार कोणाला त्रास न देता. जाताना पण आवाज न करता वळले. घरात माणसं जमली, जयभीम जयभीम म्हणत एकेक जण येऊन बसत होता. मला कोणाशी बोलायची ताकद नव्हती म्हणून मी जिन्यानं खाली गेले. आमच्या बिल्डिंगीच्या दाराशी एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, मीटिंग कधी, सगळं त्यावर. सोसायटीचे सेक्रेटरी खडूनं लिहीत होते. भला माणूस, अक्षर चांगलं. 'दुःखद निधन.' खाली ह्यांचं नाव. त्याखाली कंसात: 'एक्सपोर्ट कंपनीतील निवृत्त अधिकारी.'

बघा, अधिकारीसुद्धा झाले होते. मी तेवढं केलं नव्हतं, लोकांनी आपणहून केलं.

मी पदरानं ती ओळ पुसली. सेक्रेटरी गडबडले. "बाई, काही चुकलं का माझं?"

"तुमचं नाही हो. माझी जुनी चूक आहे. खडू द्या जरा."

तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, पण त्या दिवशी अक्षर वळेना. लोक जिन्यात थांबले होते. कोणीतरी कुजबुजलं. मी सावकाश लिहिलं, मुलांना पुस्तीत दाखवतात तसं, एकेक अक्षर सुटं. गोदी कामगार. कोणाचा डबा सरकला असेल तर मला दिसला नाही, मी फळ्याकडे बघत होते.

आता तीळ निवलेत. गूळ कढईत विरघळतोय, ह्या वेळी मी मान वळवत नाही. लाडू गरम असतानाच वळावे लागतात, तळवे भाजतात, आणि वळता वळता मी यशोला हाक मारते. ती कानातले हेडफोन काढून दारात येते.

"तुम्ही जाल तेव्हा हा डबा न्यायचा. एन्झोला द्यायचा. अजून असेल तर."

"आणि तू?"

"मी दमले गं. खरंच दमले. तुम्ही बघून या."

ती ओट्याला टेकून माझे भाजलेले तळवे बघत उभी राहते. मग, जर्मनमध्ये नाही, मराठीत, एकेक शब्द पिशवीतून काढत म्हणते, "पण तिथे वर जायला कोणीतरी सांगावं लागतं ना. आजोबा कोण होते ते. दारात."

"तू सांग की. तुला शब्द येतो."

"तू सांगितलंस तेव्हा त्यानं पाय काढला नव्हता," ती म्हणते. "आजोबांनी हात दाखवला, तेव्हा काढला. मला हात येतात. पण शब्द तुझा आहे."

मी लाडू वळत राहते. बाहेर पाच वाजायच्या आत सगळं काळं झालंय. अडतीस पायऱ्या, दर दहा पायऱ्यांना थांबायचं म्हटलं तर तीनदा थांबणं. मधल्या वळणावर एक कठडा होता, त्याला टेकता येतं.

"आईला म्हणावं," मी म्हणते, "तिकीट खिडकीशेजारचं नको. मला उठबस करायला लागते."